दोन्ही बरोबर

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मध्येच फोन ठेवून द्यायची तुझी सवय काही जात नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. बाबांचा नियम तुला आठवत असेल. या घरात भांडायचं ते कागदावर, कारण कागद मध्येच तोडता येत नाही आणि त्यावर आवाज चढत नाही. तेव्हा हे पत्र म्हणजे भांडण आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पण आधी आईचं. कंबरेचं हाड जुळत आलंय असं डॉक्टर म्हणतात. वॉकर धरून खिडकीपर्यंत जाते. चालते कमी आणि वॉकरला नावं ठेवते जास्त. मला इथून इतक्यात हलता येणार नाही, त्यामुळे ह्यांचं जेवणखाण, औषधपाणी सगळं तिकडे तुझ्या भरवशावर आहे. आणि आता तर जीवही तुझ्या भरवशावर आहे, असं म्हणायची वेळ आलीय.

परवा फोनवर हे सहज बोलून गेले की तू कुरकुऱ्याला त्यांच्या जोडीतून काढून दुसऱ्या इमारतीवर पाठवलंस. नवा जोडीदार दिलास तो म्हणे इतका गुणी, की काहीही विचारा, बरोबर म्हणतो. म्हणून सगळे त्याला 'बरोबर' असंच म्हणतात. हा बदल कशासाठी, विचारलं तर हे हसायलाच लागले. तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर माणसांच्या स्वभावांचा तक्ता लागलाय आणि त्यात ह्यांची आणि कुरकुऱ्याची 'करवत' निघाली, असं काहीतरी सांगितलं.

अरे, एकदा हे दोरावरून काचा धुवायला गेले आणि डबा विसरले, म्हणून मी तुमच्या कामाच्या गच्चीवर गेले होते. कुरकुऱ्याने वरचे दोर बांधले होते. ह्यांनी त्याच्या गाठी ओढून पाहिल्या, एक सोडली आणि पुन्हा बांध म्हणाले. मग त्याने ह्यांच्या पट्ट्याचं बक्कल हिसकून पाहिलं आणि काय काय बोलला ते मी कागदावर लिहू शकत नाही. दोघं एकमेकांचा उद्धार करत होते आणि मी डबा हातात घेऊन निवांत उभी होते. त्या दिवसापासून ह्यांच्या कामाची मला भीती वाटेनाशी झाली.

जोडी पूर्ववत कर. एवढंच मागते. आईचा आशीर्वाद, आणि वॉकर पाठवणाऱ्याला दोन शिव्या.

तुझी,
ताई

---

दि. ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वॉकर मी पाठवला होता, शिव्या पोचल्या.

तू तक्त्याला हसलीस याचा राग नाही. मीही त्या वर्गाला गेलो तेव्हा शेवटच्या बाकावर बसून हसत होतो. पण शिकवणाऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला आणि माझं हसू गेलं. अनोळखी खोलीत शिरल्यावर तुम्ही आधी काय बघता? काहीजण बघतात की इथे काय बिघडू शकतं. ते राखणे. काहीजण बघतात काय उरकायचं राहिलंय. ते उरके. काहींना आधी माणसांचे चेहरे दिसतात. ते सोबती. आणि माझ्यासारख्यांना दिसतं नवीन काय आहे. ते शोधे. माणूस वाईट किंवा चांगला नसतो ताई, त्याची नजर आधी कुठे पडते एवढाच फरक असतो.

खरी गंमत त्यापुढे आहे. कुठल्याही दोन नजरा एकत्र आल्या की त्यांचं नातं आधीच ठरलेलं असतं. सारखे दोघे म्हणजे जुळं. उरक्या आणि सोबती म्हणजे उशी, दोघांनाही एकमेकांजवळ विसावा. आणि राखणा जर उरक्याशी किंवा शोध्याशी बांधला, तर करवत. दिवसभर घासाघीस, आणि शेवटी झिजतात दोघेही. भाऊजी पक्के उरके. कुरकुऱ्या राखणा. बरोबर हा सोबती. बदल केल्यापासून त्या गच्चीवर एकदाही आवाज चढलेला नाही. भाऊजींचा रक्तदाब उतरलाय, डॉक्टरांनीच सांगितलं.

गाठी तपासायचा बाबांचा नियम कायम आहे, काळजी नको. ज्याने बांधली त्याने तपासायची नाही, हे मी सगळ्यांकडून पुन्हा वदवून घेतलंय.

तू राखणी आहेस, त्यामुळे काळजी करणारच. त्यात तुझा दोष नाही. आईला मी सोबती ठरवलं होतं, पण वॉकरबद्दलचं वाचून फेरविचार करतोय.

माया आहे ती तशीच ठेव.

तुझा,
धाकटा

---

दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. सोबती म्हटल्यावर ती खूश झाली होती. फेरविचाराचं वाचलं तेव्हा म्हणाली, त्याला सांग, मी खोलीत शिरल्यावर आधी बसायला खुर्ची कुठे आहे ते बघते, हा प्रकार कुठल्या रकान्यात येतो ते कळव.

मी मात्र तक्ता नीट समजून घेतलाय. मी राखणी. हे उरके. म्हणजे आमचीसुद्धा करवतच की! हे तू मोठ्या चतुराईने लिहायचं टाळलंस. मग आम्हालाही वेगवेगळ्या इमारतींवर पाठवणार का? आणि मी आणि कुरकुऱ्या जुळी भावंडं निघालो, त्याचा मला अभिमान वाटतो.

चेष्टा पुरे. रविवारी हे आईला भेटून गेले. धाकट्या, हे गुणगुणत होते. अंघोळ करताना, चहा पिताना, बूट घालताना. कामाचं विचारलं की म्हणायचे, काही नाही, मस्त चाललंय. एरवी इथे आले की कुरकुऱ्या हे म्हणाला न् ते म्हणाला, याचंच तासभर पुराण चालतं. त्या पुराणातूनच मला कळायचं की कुठला दोर जुना झालाय, कुठल्या गच्चीचा कठडा हलतोय. या वेळी मला काहीच कळलं नाही. मी मुद्दाम विचारलं, की नव्या माणसाच्या गाठी ओढून बघता ना? तर म्हणाले, तो इतका भला आहे की त्याच्यासमोर गाठ ओढून बघायची लाज वाटते. त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. दुरून नजर टाकतो म्हणाले. मी रात्रीचं जेवले नाही.

पुढच्या आठवड्यात तुम्ही त्या मोठ्या इमारतीची बाहेर झुकलेली बाजू धुणार आहात, हेही त्यांच्याच तोंडून कळलं. तिथे माणूस काचेला टेकत नाही, नुसता दोरावर लोंबतो. म्हणून तुझी वाट न बघता मी कुरकुऱ्याला फोन केला. त्याला सांगितलं की रोज जेवणाच्या सुट्टीत ह्यांच्या गच्चीवर जायचं आणि ह्यांच्याशी कडाकडा भांडायचं. कशावरून भांडू, म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, हा प्रश्न तुला कधीपासून पडायला लागला?

तुला न विचारता केलं. रागवायचं असेल तर रीतसर कागदावर रागव.

काळजीत असलेली,
ताई

---

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलोय, आणि रीतसर कागदावर. माझ्या माणसांना तू परस्पर हुकूम देणं मला अजिबात पटलेलं नाही. कुरकुऱ्या दोन दिवस त्या गच्चीवर येऊन तमाशा करून गेला. पहिल्या दिवशी बादली उन्हात ठेवली म्हणून, दुसऱ्या दिवशी बरोबरने दोर ओलांडला म्हणून. भाऊजी बिचारे जेवता जेवता उठले. मी कुरकुऱ्याला बजावलंय की त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. टाकलंच तर काम बंद.

तुला वाटतं मला हे नवीन खेळणं सापडलंय. तसं नाही ताई. गेल्या वर्षी माझी बायको घर सोडून गेली तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला विचारलं, की चूक कोणाची? मीही स्वतःला तेच विचारत बसलो. मी काही ठरवलं की ती त्यातली खोट काढायची. नवीन गाडी म्हटली की ब्रेक, नवीन घर म्हटलं की गळती. मला वाटायचं, हिचा माझ्यावर विश्वासच नाही. त्या वर्गात पहिल्यांदा कोणीतरी मला सांगितलं की चूक कोणाचीच नव्हती. ती राखणी, मी शोध्या. करवत होती. इतकंच. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडलो आणि मग कितीतरी महिन्यांनी शांत झोपलो.

माझ्या हाताखालच्या माणसांनी तसं झिजू नये म्हणून हे करतोय. तू यात आडवी येऊ नकोस, एवढी विनंती.

झुकलेली बाजू वीस तारखेला घेतोय. भाऊजी खाली उतरतील, बरोबर गच्चीवर थांबेल.

तुझा,
धाकटा

---

दि. १७ फेब्रुवारी

सौ. हिला,
सप्रेम नमस्कार. (नमस्कार लिहिला म्हणून हसू नकोस, मला मायना सुचत नाही.)

तू आणि तुझा भाऊ पत्रांनी भांडताय हे कळलं. माझ्यावरून भांडताय आणि मलाच पत्र नाही, म्हणून मीच लिहितो.

मी मजेत आहे. कुरकुऱ्याची आठवण येते, नाही असं नाही. पण शांततेची सवय लागली की सोडवत नाही गं. बरोबर फार सभ्य माणूस आहे. कसा ते एका गोष्टीवरून सांगतो. काल उतरायच्या घाईत मी पट्ट्याचं एक बक्कल लावायचं विसरलो. त्याच्या ते लक्षात आलं होतं, पण मोठ्या माणसाची चूक कशी दाखवायची म्हणून तो बोलला नाही. नुसता बक्कलाकडे बघत उभा राहिला. कठड्यावर एक पाय टाकल्यावर माझं मलाच जाणवलं आणि मी लावलं. मग म्हणाला, बरोबर, मी तेच बघत होतो. कुरकुऱ्या असता तर त्याने गच्ची डोक्यावर घेतली असती.

तू उगाच भावाशी वाकडं घेऊ नकोस. त्याला सध्या घरात बोलायला कोणी नाही. आईंना नमस्कार.

सध्या जमिनीवर असलेला,
तुझा मी

---

दि. २० फेब्रुवारी, सकाळ

चि. धाकट्यास,

ह्यांचं पत्र आत्ता हातात पडलं. सोबत पाठवते आहे. बक्कलाचं वाच. हे ते कौतुकाने लिहितात! त्यांना वर जाऊ देऊ नकोस, झुकलेल्या बाजूला तर मुळीच नको. तुला फोन लावतेय, तू उचलत नाहीस. ह्यांचा बंद आहे, कुरकुऱ्याचाही लागत नाही. हे पत्र पोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल हे मला कळतंय, तरी लिहितेय, कारण लिहायचं थांबवलं तर मी काय करीन ते मला सांगता येत नाही.

ताई

---

दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर तुला एवढंच सांगितलं की भाऊजी सुखरूप आहेत, खांदा निखळला होता तो बसवलाय. तू विचारत होतीस आणि मी मध्येच फोन ठेवला. मी दवाखान्यात भाऊजींच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. ते आत झोपलेत. सगळं सांगतो, मध्ये तोडू नकोस.

काल मी स्वतः गच्चीवर गेलो होतो. कामावर लक्ष ठेवायला नव्हे. कुरकुऱ्या पुन्हा येणार अशी कुणकुण लागली होती, त्याला दारातच अडवायला. तुझे फोन दिसत होते. तू पुन्हा तेच बोलशील म्हणून मी उचलले नाहीत. भाऊजी आधीच कठड्याखाली उतरले होते. बरोबर कडेला बसून खाली बघत होता. सगळं कसं शांत.

कुरकुऱ्या आलाच. त्याची काच पुसायची रबरी पट्टी म्हणे भाऊजींनी ढापली, ती न्यायला आला होता. मी दार अडवलं. तो माझ्या खांद्यावरून आत बघत एकेक काढायला लागला. पट्टी गेली, बादली पुन्हा उन्हात, दोराखाली कापड घातलेलं नाही, दोन्ही दोर एकाच कडीला, जिन्यात दिवा नाही. ताई, मी यातलं काहीच ऐकलं नाही. राखणा बोलतोय, बोलू दे, असं म्हणून सोडून दिलं.

त्याचं तोंड बंद करावं म्हणून मी तिथूनच बरोबरला ओरडून विचारलं, की दोर कसे आहेत? तो म्हणाला, दोन्ही बरोबर. मी विजयी थाटात कुरकुऱ्याकडे वळलो आणि म्हटलं, ऐकलंस? दोन्ही बरोबर आहेत. तर तो किंचाळला, की मी तेच सांगतोय, दोन्ही बरोबर बांधलेत!

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊजींनीही उतरताना हेच विचारलं होतं आणि त्यांनाही हेच उत्तर मिळालं होतं. मुख्य दोर गच्चीतल्या एका लोखंडी कडीला आणि राखीव दोर दुसऱ्या कडीला, हे बाबांनी आपल्याला शाळेत जायच्या आधी शिकवलंय. दुसरी कडी पाण्याच्या टाकीमागे होती. तिथे टाकीच्या कोपऱ्यावर दोर घासेल असं बरोबरला वाटलं, म्हणून त्याने दोन्ही एकत्र बांधले. चुकलं असेल तर भाऊजी सांगतील असं तो धरून चालला. आणि चुकलं असेल तर बरोबर सांगेल असं भाऊजी धरून चालले. एकाने दुसऱ्याचं मन राखलं, दुसऱ्याने पहिल्याचं.

आम्ही धावलो. कुरकुऱ्याने राखीव दोर सोडला, मी तो टाकीच्या पलीकडे ओढत नेऊन दुसऱ्या कडीत ओवला आणि गाठ मारली. तेवढ्यातही त्या माणसाने माझी गाठ हिसकून पाहिली, सोडून टाकली आणि पुन्हा बांधायला लावली. मी मालक आहे, माझ्या बापाने ही गाठ शोधलीय, असलं काहीतरी मी बरळलो. तो म्हणाला, मग बापासारखी बांध. मी बांधली. कठड्याशी जाऊन मी भाऊजींना हलू नका म्हणून ओरडलो, तर ते म्हणाले एवढी एकच काच राहिलीय.

आणि पहिली कडी उपटून आली. वरून रंग दिलेला, आत सगळा गंज. माझ्या पायाजवळून ती खडखडत कठड्यापर्यंत गेली. मुख्य दोर सैल पडला. राखीव दोराला हिसका बसला आणि तो ताणला गेला, आणि मी त्या दुसऱ्या गाठीकडे बघत उभा राहिलो. बघण्याखेरीज करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती धरून राहिली.

आम्ही तिघांनी त्यांना वर ओढलं. ओढताना कुरकुऱ्या भाऊजींना शिव्या देत होता आणि रडत होता. भाऊजींनी वर आल्यावर पहिलं काय केलं असेल? खिशातून चांगल्या हाताने रबरी पट्टी काढून त्याला दिली.

पहिल्यांदा मारलेली माझी गाठ टिकली असती का, हे मी कुरकुऱ्याला विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. त्या उत्तराने मला काल झोप लागली नाही.

तुझ्यासमोर यायचं तोंड नाही.

धाकटा

---

दि. २४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. आईने पाणी आणून दिलं तेव्हा लक्षात आलं की ती वॉकर न घेता स्वयंपाकघरापर्यंत गेली होती. तेवढा एक फायदा झाला म्हणायचा.

मी तुझ्यावर खूप चिडले आहे. तू फोन उचलले नाहीस हे विसरायला मला वेळ लागेल, आणि लागेल तेवढा मी घेणार आहे. पण तोंड नाही वगैरे लिहू नकोस. गाठ तुझ्याच हातची होती. माझा नवरा तिच्यावर लोंबत होता. हे दोन्ही मी एकाच वेळी मनात ठेवून आहे, आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही.

बरोबरला काढून टाकू नकोस. तो काल इथे फोन करून रडला. मुलगा भला आहे, त्याला कोणी 'नाही' म्हणायला शिकवलं नाही, आणि तू त्याच्या गप्प बसण्याला गुण ठरवून भिंतीवर लावलंस. त्याला कुरकुऱ्याच्या हाताखाली दे. थोडे दिवस रडेल, मग बोलेल.

आणि एक विचारते. ब्रेकचं आणि गळतीचं ती जे बोलायची, ते खरं निघालं होतं की खोटं? मला उत्तर नको. जिला द्यायचं तिला दे.

मी रविवारी येते आहे. आई म्हणते, ती एकटी राहील, तिला खुर्ची कुठे आहे ते माहीत आहे.

तुझी,
ताई

---

दि. ५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेलीस आणि घर पुन्हा गप्प झालं. तू सगळे डबे जागा बदलून ठेवलेस, मला साखर अजून सापडलेली नाही.

भाऊजींचा खांदा बरा आहे. कुरकुऱ्या रोज त्यांना बघायला येतो. काल दोघांचं, कुठल्या कुशीवर झोपायचं यावरून वाजलं, आणि रक्तदाब तपासायला आलेल्या नर्सने दोघांनाही दटावलं. रक्तदाब वाढलाय. मी डॉक्टरांना सांगून टाकलं, वाढला तरी चालेल. बरोबर आता कुरकुऱ्याच्या हाताखाली आहे. काल तो पहिल्यांदा मला म्हणाला, की साहेब, हे चूक आहे. एवढं बोलून घाबरून पळून गेला. खरंच चूक होतं.

तक्ता मी काढलेला नाही. हसू नकोस. तो खोटा नव्हता, मी तो उलटा वाचला. आता नियम असा केलाय की दोरावर फक्त करवतीच जातील. उशा तळमजल्याच्या काचा धुतील.

ब्रेक खरे खराब होते. गळतीही होती. हे मी जिला सांगायचं तिला लिहिलं. मायना सुचेना, म्हणून सरळ ब्रेकपासून सुरुवात केली. आज उत्तर आलं. माझ्या पत्रातल्या तीन चुका तिने दाखवल्यात आणि चौथी समोर बसून सांगीन, कधी येऊ ते कळव, असं लिहिलंय. ते वाक्य मी सकाळपासून किती वेळा वाचलं असेल कोण जाणे. घरातल्या सगळ्या नळांना हात लावून बघितला. एक गळतोय. मुद्दाम तसाच ठेवलाय, आल्यावर तिला काहीतरी सापडायला हवं.

आईला नमस्कार. लोभ आहेच. कटकट असावी, ही विनंती.

तुझा,
धाकटा